इब्राहिमभाईंचे पाव कोणी टाकले?

या सदरात लोक लिहितात ते सगळं मी वाचते. दुपारी जेवण झालं की चष्मा लावून आडवी होते आणि वाचता वाचता हसते. उलट्या पायांची बाई, वडाखाली लिफ्ट मागणारा माणूस, बंद घरातून येणारा पैंजणांचा आवाज... माझी अख्खी नोकरी आरोग्य खात्यात नर्स म्हणून गेली, तीही म्हसळा-श्रीवर्धनकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर. बाळंतपणाला अमावास्या-पौर्णिमा कळत नाही. बोलावणं आलं की बॅटरी घ्यायची आणि निघायचं. स्मशानाच्या कडेने गेले, भरल्या ओढ्यातून गेले, भूत काही भेटलं नाही. भेटलं असतं तर आधी त्याचं बीपी घेतलं असतं.

त्यात आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर काढले, आणि देवांच्या मागोमाग भुतंही गेली असं ते म्हणायचे. तर मी अशी बाई आहे हे आधी नीट लक्षात घ्या आणि मग पुढचं वाचा. आमचे हे म्हणतात, कशाला लिहितेस, लोक तुला हसतील. हसू देत. मी इतकी वर्षं इतरांना हसलेच आहे की.

आमचं गाव डोंगरावर आहे. म्हसळ्याहून येताना मोठा रस्ता सोडला की पायथ्याला चहाची टपरी लागते आणि तिथून आमचा घाट सुरू होतो. घाट म्हणजे काही फार मोठा नाही, पण वळणं अशी की एसटीचा ड्रायव्हरही तेवढ्यापुरता गप्पा थांबवतो. वर आलं की आधी कुणबीवाडी, मग शाळा, मग आमची बौद्धवाडी आणि अगदी शेवटाला आमचं घर. आमच्या मागे काजूची बाग आणि त्यापुढे खिंड. खिंडीतून एक कच्चा रस्ता पलीकडच्या खोऱ्यात उतरतो.

या गावाला रोज सकाळी पाव आणायचे इब्राहिमभाई. म्हसळ्याच्या बेकरीतून सायकलवर. मागे कॅरियरला भलीमोठी पाटी, तिच्यावर मेणकापड, आणि मेणकापड आवळून बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. हँडलला रबरी हॉर्न — पों पों. अर्धा घाट ते सायकल हातात धरून चालतच चढायचे. गावातल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं, भाई, आता स्कूटर घ्या. तर म्हणायचे, "पावाला पेट्रोलचा वास लागतो बाय. आन् पाव हलतो. पाव हलता कामा न्हाय."

आमच्याकडे पाव घेण्याची एक पद्धत आहे. रात्री झोपताना प्रत्येक घर आपापली कापडी पिशवी फाटकाच्या खिळ्याला अडकवून ठेवतं. सकाळी इब्राहिमभाई तिच्यात पावाची लादी टाकून पुढे जातात. कुणाला हाक मारायची गरज नाही. पिशवी उलटी टांगली असेल तर आज पाव नको. पिशवीच्या बंदाला गाठ मारली असेल तर घरी पाहुणे आहेत, एक लादी जास्त टाका. पिढ्यानपिढ्या नाही, पण इब्राहिमभाईंच्या वडिलांपासून हेच चाललंय. गावात किती भांडणं झाली, बांधावरून झाली, निवडणुकीवरून झाली, पण पावाच्या पिशवीवर कधी कुणी हात टाकला नाही.

भांडणाचा विषय निघालाच आहे तर सांगते, माझा आवाज मोठा आहे. लसीकरणाच्या दिवशी मी शाळेजवळ उभी राहून हाक मारली की खालच्या आळीतली पोरं माळ्यावर लपायची. इब्राहिमभाईंचा एखादा पाव करपका निघाला तर मी फाटकात उभी राहून जे काही बोलायची ते कुणबीवाडीत ऐकू जायचं. ते बिचारे हसायचे आणि बेकरीवाल्याच्या नावाने दोन शब्द पुटपुटून पाव बदलून द्यायचे.

मी रिटायर झाले त्याच वर्षी त्यांची शुगर मीच पकडली. सारखी तहान लागते म्हणाले, मी ओट्यावर बसवून बोट टोचलं, आकडा बघून मलाच घाम फुटला. तेव्हापासून माझा नियम — शेवटचं घर आमचं, तर आमच्याकडे आलं की सायकल लावायची, हातपाय धुवायचे आणि नाचणीची भाकरी खाऊनच परत फिरायचं. गोळीसुद्धा तेव्हाच घ्यायची असं मी शंभरदा बजावलं होतं. पण विसरायला होतं म्हणून हा माणूस ती घाट चढायच्या आधी टपरीवरच पाण्याबरोबर गिळून मोकळा व्हायचा. हे ध्यानात ठेवा, कारण त्या दिवशी माझ्या जिवाचं पाणी झालं ते यामुळेच. गोळी पोटात आणि वर अन्नाचा कण नाही, असा शुगरचा माणूस किती वेळ शुद्धीवर राहील सांगता येत नाही.

दिवस भातकापणीचे होते. गाव पहाटेच कामाला लागलेलं, कुणाचं लक्ष फाटकाकडे नाही. मी भाकरी करून झाकून ठेवली, पिठलं ढवळलं आणि बाहेर येऊन पाहते तर पिशवी रिकामी. म्हटलं येतील. उन्हं अंगणात आली तरी पत्ता नाही.

मग माझं डोकं फिरलं. मी पिशवी हातात धरून तरातरा निघाले. शेजारच्या घरी विचारलं, पाव आले का? तर म्हणे, हो, आलेत की. त्याच्या पुढच्या घरी, आले. शाळेजवळच्या म्हातारीकडे, आले, चहात बुडवून खाल्लेही. कुणबीवाडीत पांडुरंग टेम्पोत ताडपत्री भरत होता. त्याच्याकडे कापणीला माहेरची... म्हणजे त्याच्या बायकोच्या माहेरची माणसं आलेली, म्हणून त्याने आदल्या संध्याकाळीच पिशवीला गाठ मारली होती. त्याच्याकडे दोन लाद्या बरोबर आलेल्या.

"तुमालाच इसरला काय तो, नर्सबाय?" तो हसायला लागला. "काल करपका पाव दिला म्हनून वराडला असाल. घाबरून पलाला."

मी त्या दिवसापर्यंत कधी इतकी चिडले नव्हते. गावातल्या एकूण एक घरी पाव टाकायचे आणि माझी भाकरी वाट बघत असताना माझ्या दारात यायचं नाही? तरातरा घरी आले आणि फोन लावला. संपर्कक्षेत्राच्या बाहेर. म्हसळ्याला त्यांच्या घरी लावला. त्यांची बायको, जुबेदाभाभी, फोनवर आली.

"ते तर अजान झाल्याबरोबर निघाले, बाय. बेकरीतनं माल घेऊन गेले. तुमच्याकडे न्हाय पोचले?" आणि मग अगदी बारीक आवाजात, "त्यांनी सकाळी काय खाल्लं न्हाय हो."

त्या क्षणी माझा राग उतरला. हातातली पिशवी तशीच राहिली आणि मला एकच दिसायला लागलं — टपरीवर गिळलेली ती गोळी.

आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गावात माणसं निम्मी आणि ग्रुपवर दुप्पट, कारण मुंबई-पनवेलचे सगळे त्यात. मी लिहिलं, इब्राहिमभाई पाव वाटता वाटता गायब झाले आहेत, कुणाला दिसले का? झालं. पाच मिनिटांत जो तो पोलीस होऊन बसला.

कुणी म्हणालं बिबट्या. आमच्याकडे बिबट्याने आजवर कुत्र्यांपलीकडे काही नेलेलं नाही, आणि नेलं तरी सायकल कशाला नेईल? कुणी म्हणालं, घरी भांडून अजमेरला गेले असतील. पाटीभर पाव घेऊन, सायकलवर, अजमेरला! एकाने लिहिलं चकवा लागला, खिंडीत चकवा आहेच, आमचे आजोबा पण रात्रभर फिरत होते. आता आजोबा कशामुळे रात्रभर फिरत होते ते अख्ख्या गावाला माहीत आहे, पण तो विषय वेगळा.

सगळ्यांत जोरात होता मंगेश. हा ह्यांचा पुतण्या, कामोठ्याला असतो, रविवारी हेल्मेट आणि घट्ट चड्डी घालून सायकल चालवतो. त्याने तर नकाशाच टाकला. त्यावर लाल रेघ. "काकू, सिंपल आहे. सगळ्या घरी पाव पोचले म्हणजे घाट सेफली चढला. तुमच्या घरी पोचला नाही, म्हणजे तुमच्या आधी वळून काजूच्या बागेतून खिंडीकडे गेला. उतारावर ब्रेक फेल. पलीकडच्या खोऱ्यात शोधा."

खरं सांगू? पटण्यासारखंच होतं. पाव सगळ्यांनी खाल्ले होते, पोटातच होते. पोलीस पाटलांनी पोरं जमवली आणि मोटारसायकली खिंडीकडे गेल्या. आमचे हेसुद्धा काठी घेऊन काजूची बाग पालथी घालून आले. काही नाही. चाकाची खूण नाही, चप्पल नाही.

मी ओट्यावर बसले. नोकरीत एक शिकले होते. पेशंटचे नातेवाईक काय काय सांगतात ते सगळं ऐकायचं आणि मग विचारायचं, तुम्ही स्वतः पाहिलंत का? मी पुन्हा घरोघर फिरले. पाव आले का हे विचारलं नाही. विचारलं, इब्राहिमभाईंना डोळ्यांनी कोणी पाहिलं?

कोणीच नाही.

बरं, हॉर्न ऐकला? शेजारीण म्हणाली, ऐकला असेल. असेल म्हणजे काय, ऐकलास का? तिने विचार केला आणि म्हणाली, नाही बाई, आज नाही ऐकला. शाळेजवळची म्हातारी म्हणाली, "त्याचा पों पों झाला का मी उठतंय. आज उन्हानी उठलंय." पांडुरंगाचंही तेच. म्हणजे सकाळी गावात ना सायकल दिसली, ना हॉर्न वाजला. होते ते फक्त पाव.

मी टपरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "गेला ना सकाळी. माज्यासमोर गोली खाल्ली, पानी प्यायला, वर गेला."

शेवटचं डोळ्यांनी पाहिलेलं ठिकाण ते. मी ग्रुपवर लिहिलं, घाटात शोधायला हवं, मी चालले. मंगेश लगेच, "काकू लॉजिक बघा ना, घाटात पडला तर मग गावात पाव कोणी टाकले?"

मी लिहिलं, ते नंतर बघू. आणि फोन बंद केला.

ग्लुकोजची पुडी, शुगर तपासायचं मशीन आणि बँडेज पिशवीत टाकलं. पांडुरंगाला म्हटलं टेम्पो काढ. तो कुरकुरला, भात शेतात पडलंय, पाटील सांगतायत खिंडीकडे, तुम्ही उलटं काय... मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याच्या दोन्ही पोरांच्या जन्माला मी होते. त्याने टेम्पो काढला.

आम्ही तिघं, हे, पांडुरंग आणि मी, घाट उतरू लागलो. प्रत्येक वळणावर थांबायचं, कठड्यावरून खाली बघायचं. पावसाळा नुकता सरलेला, गवत पुरुषभर उंच. त्यात हत्ती पडला तरी दिसायचा नाही. ह्यांनी हाका मारल्या, पांडुरंगाने मारल्या. खालून फक्त वारा. ऊन डोक्यावर आलेलं, आणि माझ्या मनात सारखा हिशोब चाललेला की आता घाम फुटला असेल, आता हात थरथरत असतील, आता डोळे मिटायला लागले असतील. मी इतकी माणसं गेलेली पाहिलीत, पण ज्याच्यासाठी ओट्यावर भाकरी झाकून ठेवली आहे तो माणूस जाणं वेगळं असतं हो.

एका वळणावर कठडा थोडा तुटलेला आहे, तो जुनाच. तिथे उभी राहिले आणि मला एकदम इतका राग आला, त्यांचा, त्या गोळीचा, माझा, सगळ्याचाच. मी जीव खाऊन ओरडले. रोज फाटकातून ओरडते तशी.

"इब्राहिमभाई! माझे पाव कुठायत?"

काहीच नाही. आणि मग खालून, गवताच्या आतून, अगदी हळू — पों.

हे बघा, यात भुताटकीचं काही नाही. पडताना हॉर्न हँडलवरून निखळला होता आणि त्यांच्या हाताशी आला होता. त्यांनीच तो दाबला. पण तो आवाज ऐकला आणि मी पिशवीसकट कठड्यावर चढले. पांडुरंग मात्र कठड्यावरून केव्हाच खाली उतरला होता.

ते एका खडकाला टेकून अर्धवट पडले होते. एका डंपरला वाट देताना चाक घसरलं होतं. उजवा पाय मोडलेला, कपाळाला खोक, सगळा सदरा घामाने भिजलेला. डोळे उघडे पण बघत कुठेच नव्हते. मी आधी गालाच्या आत ग्लुकोज चोळलं. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मशीनवर आकडा पाहिला तो ह्यांना सांगितला नाही. ह्यांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि एसटीत कंडक्टर असताना झोपलेल्या पॅसेंजरला उठवायचे तसं म्हणत होते, "भाई, उतरायचं ठिकाण आलं, उठा. उठा भाई." शेवटी एकदाची नजर माझ्यावर स्थिरावली.

"बाय," ते म्हणाले, "पाव... हलले."

मी म्हटलं, मेले तुमचे पाव, आणि त्यांचा हात हातात घट्ट धरला.

ह्यांच्या काठीने पाय बांधला, पांडुरंगाच्या ताडपत्रीची झोळी केली आणि त्यांना वर काढलं. त्यांना टेम्पोत ठेवल्यावर पांडुरंग सायकलसाठी परत उतरला. ती थोडी वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीत अडकली होती, त्यांच्या हाताला न येईल अशी. त्याने ती तशीच्या तशी, पाटीसकट, खेचून आणली. आणि रस्त्यावर ठेवून नुसता बघत उभा राहिला.

मेणकापड जसंच्या तसं बांधलेलं होतं. ट्यूबची पट्टी आवळलेली. पांडुरंगाने ती सोडली. पाटी काठोकाठ भरलेली. एक लादी हललेली नव्हती. बेकरीत रचतात तशी, एकावर एक, कडेपर्यंत.

पांडुरंगाने वरची एक लादी उचलून उलटसुलट करून पाहिली. "नर्सबाय, सकाळी मी पाव खाल्ले वो. पोरांनी खाल्ले, पाव्हन्यांनी खाल्ले. मंग ह्ये काय हाय?"

मी म्हटलं, आधी टेम्पो चालव.

म्हसळ्याला प्लास्टर होण्यासारखं नव्हतं, म्हणून अलिबागला नेलं, ऑपरेशन झालं, पायात सळई पडली. माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर पायाचा प्रश्नच उरला नसता. जुबेदाभाभी माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की माझा खांदा ओला झाला, आणि मी तिला, भाईंचं सलाइन ओढशील, लांब हो, असं म्हणत होते. माझं असंच आहे.

आता त्या पावांचं. मी काही लगेच चमत्कार मानणारी नाही. बेकरीत जाऊन विचारलं, दुसऱ्या कुणाला पाठवलं होतं का? नाही. दुसऱ्या बेकरीचा पाववाला आमच्या घाटात येत नाही, त्याला परवडत नाही. शाळेजवळच्या म्हातारीकडे सकाळच्या लादीतला एक पाव उरला होता, तो मागून आणला आणि पाटीतल्या पावाशेजारी ठेवला. तीच बेकरी, बुडाला तोच भट्टीचा डाग. मी दोन्ही पाव फडताळात ठेवून वाट पाहिली. दोघांनाही सारखीच बुरशी आली. म्हणजे पाव खरे होते. भास झाला म्हणाल, तर भासाला बुरशी येत नाही.

ऑपरेशननंतर ते जरा बोलायला लागले तेव्हा मी शेजारी बसून विचारलं, पडल्यावर काय केलंत? त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"पयलं लय ओरडलो, बाय. वरनं गाड्या जातात, कुनाला आयकू येत न्हाय. मग घाम सुटला. तुम्ही सांगितलेलं आठवलं, असा घाम सुटला का झोपायचं न्हाय. खुदाकसम, डोले मिटत होते. म्हटलं जागा कसा ऱ्हाऊ? मग मी मनातल्या मनात पाव टाकाया लागलो. रोज टाकतो तसं. पयलं घर, फाटक, खिला, पिशवी... पुढचं घर. गावात सगली घरं फिरलो. पांडूच्या पिशवीला गाठ होती, त्याला दोन टाकल्या."

मी त्यांना तिथेच थांबवलं. पांडूच्या पिशवीला गाठ होती?

"व्हय. कापनीची मानसं आली असतील."

गाठ आदल्या संध्याकाळी मारलेली. इब्राहिमभाई आदल्या सकाळी गावातून गेले ते पुन्हा वर आलेच नव्हते. पांडुरंगाला मी शपथ घालून विचारलं, फोनवर सांगितलं होतंस का? नाही म्हणाला. त्याच्याकडे त्यांचा नंबरच नाही.

शुगर उतरली की माणूस बरळतो, हे मला कुणी शिकवायला नको. नाही नाही ते दिसतं, ऐकू येतं. पण घाटात पडलेल्या माणसाच्या बरळण्याने वरच्या गावातल्या पिशव्यांत पाव पडत नाहीत. मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. तिथे अजून वाद चालू आहे. मंगेशची आता नवीन थिअरी आहे की गावातल्याच कुणीतरी टाकले, आणि तो 'कुणीतरी' कोण ते ठरवण्यासाठी तो दिवाळीत येऊन सगळ्यांच्या मुलाखती घेऊन गेला. चकवावाले म्हणतात फरिश्ता. मी दोघांनाही म्हणते, आधी शुगर तपासून घ्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना हॉस्पिटलमध्ये विचारली नव्हती. धीर झाला नाही म्हणा. मध्यंतरी आम्ही दोघं त्यांना बघायला म्हसळ्याला गेलो. ते आता काठी घेऊन चालतात, सायकल भिंतीला लावलेली आहे, गावाला पाव त्यांचा भाचा स्कूटरवर आणतो. पावाला पेट्रोलचा वास येतो, मी रोज सांगते त्याला. जुबेदाभाभीने चहा केला. हे आणि भाभी आत बोलत होते, आम्ही दोघं ओट्यावर.

मी म्हटलं, "भाई, मनातल्या मनात गावभर पाव टाकलेत. मग माझीच पिशवी का रिकामी? माझ्या दारापर्यंत यायच्या आधी शुद्ध गेली का?"

ते जरा लाजले. काठीशी चाळा करत बसले.

"न्हाय बाय. तुमच्या फाटकात आलोवतो मी. लादी हातात घेतलीवती. भाकरीचा वास पन आला. पन मग म्हटलं, ही टाकली तर सगल्यांना वाटंल इब्राहिम येऊन गेला. कुनी शोधाया निघायचा न्हाय." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "गावात दुसऱ्या कुनाला पाव न्हाय भेटला तर ते गप चा पितील. तुमाला न्हाय भेटला तर तुमी गाव डोक्यावर घ्याल. म्हनून न्हाय टाकली. माफ करा."

मी पिशवीतून मशीन काढलं आणि त्यांचं बोट टोचलं. आकडा चांगला होता, तरी पुन्हा एकदा टोचलं. चहा गार झाला.

तर असं आहे. त्या सकाळी पाव कोणी टाकले, ते माहीत नाही. गाठ कुणाला दिसली, माहीत नाही. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही आणि कुणी मला पटवायला येऊ नये.

परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेला.

"दोन्ही?" हे म्हणाले.

मग घाट संपेपर्यंत मी त्यांच्याशी भांडत होते.